वरची कडी

गेल्या महिन्यात एका काव्यवाचनाला गेले होते. तिथं एका पोरीनं झोपेत चालणाऱ्या बाईची कविता वाचली. आजूबाजूच्या खुर्च्यांतून ‘वा’, ‘क्या बात है’ चाललेलं होतं आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न. कडी कुणी काढली?

पोरगी बावीस-तेवीसची. मोबाईलमध्ये बघून वाचत होती, मधेच स्क्रीन विझली की अंगठ्यानं परत पेटवत होती. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, त्यामुळं पुढं वाकून ऐकावं लागत होतं. कवितेतली बाई मध्यरात्री उठते. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नाही. दार तिला वाट देतं, गल्ली वाट देते, कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. चांदण्यातून चालत ती नदीवर जाते, जोडवी काठावर काढून ठेवते, पाण्यात उतरते आणि पहाटे येऊन नवऱ्याशेजारी होती तशी आडवी होते. सकाळी चहा ठेवताना तिच्या तळव्यांना ओली वाळू लागलेली असते. ती कुणाला दिसत नाही, तिलाही नाही. कविता संपली तेव्हा क्षणभर टाळ्याच वाजल्या नाहीत, म्हणजे पोचली. मलाही पोचली. वाळू तर फार आवडली. पण स्कूटर चालू केली तशी त्या पंख्याची कुरकुर माझ्यात शिरली. सोलापुरात नदी कुठली? सीनेवर चालत जायचं म्हटलं तर बाईची रात्र जातानाच संपेल. जोडवी अशी सहज निघतात होय? आणि सासू कुठं झोपली होती? सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिले तोवर माझ्याकडं आठ-दहा प्रश्न जमले होते. कवितेला असले प्रश्न विचारायचे नसतात, एवढं मला कळतं. तरी राग काही जाईना.

मी झोपेत चालायचे.

‘चालायचे’ म्हणते खरी, पण हे वाक्य माझं नाहीच. मी सात वर्षांची असल्यापासून अकरा-बारापर्यंत हे चाललं, आणि मला त्यातलं काडीचंही आठवत नाही. सगळं ऐकीव. आज्जीनं सांगितलेलं, दादानं चिडवताना वापरलेलं, वाड्यातल्या बायकांनी पापड लाटता लाटता एकमेकींना पुरवलेलं. एकदा म्हणे मी पिठाच्या डब्याचं झाकण काढून त्यात तोंड घालून काहीतरी बोलत होते. एकदा शाळेचं दप्तर पाठीला लावून न्हाणीत जाऊन बसले होते. माझं लग्न ठरत असताना हे मुलाकडच्यांना सांगायचं की नाही यावर घरात मोठा खल झाला. मी तिथंच बसून शेंगा फोडत होते आणि बोलणं भलत्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं. बिचारी कोण मुलगी आहे, तिचं जमायला हवं, असं काहीसं.

मला आठवतो तो उकाडा. साखर पेठेत वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि वर सगळ्यांचं मिळून एक माळवद. एप्रिल लागला की अख्खा वाडा वर झोपायला जायचा. संध्याकाळी बायका वर पाणी मारायच्या. तापलेल्या मातीतून असा वाफारा निघायचा की नाकात भाजल्यासारखं व्हायचं, पण त्या वासासाठी आम्ही पोरं मुद्दाम वर धावायचो. नऊ वाजता वळकट्या, तांब्या-भांडी, कुणाचा तरी ट्रान्झिस्टर असं सगळं जिन्यानं वर जायचं. आणि आम्ही खाली. कारण माळवदाला कठडा नव्हता आणि मी चालायचे. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीचं ऊन दिवसभर पिऊन बसलेल्या भिंतींच्या आत, दार लावून, एका टेबलफॅनपुढं आई, आज्जी, दादा आणि मी. वरून हसण्याचे आवाज यायचे. दादा कूस बदलून म्हणायचा, “हिच्या पायात बेडी घाला बे कुणीतरी, आणि मला वर जाऊ द्या.” पुढच्या वर्षी त्याला वर जाऊ दिलं. आई आणि आज्जी मात्र खालीच राहिल्या. त्या खोलीतल्या घामाची मी आजही देणेकरी आहे असं मला उन्हाळ्यात अधूनमधून वाटतं, विशेषतः एसी लावताना.

उपाय तर किती झाले. आज्जीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवला. अंथरुणापाशी परातीत पाणी भरून ठेवा, पाय बुडाला की पोरगी जागी होईल, असं कुणीतरी सांगितलं. तर मी म्हणे परात ओलांडून गेले, थेंब न सांडता. माझ्या पैंजणांना जास्तीची घुंगरं लावून घेतली. शेवटी सुताराला बोलावून दाराला वर, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, एक कडी बसवली. आईलासुद्धा टाचा उंच केल्याशिवाय हात पुरायचा नाही. स्टूल आज्जीच्या खाटेखाली. शिवाय आई झोपताना तिचं मनगट आणि माझं मनगट एका दोरीनं बांधायची. शेजारी पद्मशाली कुटुंबाचे माग होते. तिथल्या अक्कांनी उरलेल्या सुताचा पीळ दिला होता, हिरव्या आणि लाल धाग्यांचा. चादरीचेच रंग. ती दोरी मला आठवते. रात्री बांधताना आठवते आणि सकाळी सोडताना आठवते. मधलं काही नाही.

त्या रात्री कवितेच्या रागापोटी फोनवर पुष्कळ वाचून काढलं. शंभरातल्या साधारण पाच मुलांना ही सवय असते आणि वयात येता येता बहुतेकांची आपोआप जाते. म्हणजे अडकित्त्याचं श्रेय गेलं. चालणं होतं ते गाढ झोपेत, आणि ती झोप रात्रीच्या पहिल्या हिश्श्यातली. स्वप्नं जास्त पडतात ती पहाटेच्या बाजूला, आणि तेव्हा तर अंग जवळजवळ लुळं पडलेलं असतं. त्यामुळं झोपेत चालणारा माणूस बहुतेक वेळा स्वप्नाच्या मागं चाललेला नसतो. मेंदूचा हालचालीचा भाग उठून बसलेला असतो, आठवण ठेवणारा भाग घोरत असतो. फेरी बहुधा काही मिनिटांची, आणि फार तर जाग आणली तर माणूस गोंधळतो. आज्जी म्हणायची तसा जीव जात नाही. हात धरून गादीवर परत नेलं की झालं. हे वाचून मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचा राग आला. त्या पोरीच्या नदीला उत्तर म्हणून मी मेंदूचे भाग मोजत बसले होते.

बी.ए.ला आम्हाला मॅकबेथ होतं. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला राणी झोपेत चालत येते, हात चोळते, न जाणाऱ्या रक्ताबद्दल बोलते. सर रंगून शिकवायचे, आम्ही अपराधभावावर टिपणं काढायचो. त्या प्रवेशात आणखी दोघं असतात, एक वैद्य आणि एक दासी. वैद्य दोन रात्री तिच्याबरोबर जागलेला असतो आणि त्याला काहीच दिसलेलं नसतं. दासीनं मात्र सगळं बघितलंय, ऐकलंय. वैद्य विचारतो, राणी काय बोलली? ती सांगत नाही. माझ्या बाजूनं साक्षीला कुणी नाही, मग मी कशाला सांगू, म्हणते. परीक्षेत या बाईवर कधी प्रश्न आला नाही. किती रात्री ती जागी होती, दिवसा कधी झोपायची, हे मला आत्ता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या कवितेवर चिडलेली असताना सुचलं. माझी तक्रार मला नीट सापडली ती इथं. त्या कवितेत जागं कुणीच नव्हतं. झोपेत चालणारी एक बाई असायला घरात जागी एक बाई लागते, आणि ती कवितेतून गाळली होती. हे त्या पोरीला कळवावं म्हणून मेसेज लिहायला घेतला. ‘कविता आवडली, पण’ एवढं लिहिलं आणि फोन उशाशी ठेवला.

दोन दिवसांनी पाण्याची रात्र होती.

आम्ही आता जुळे सोलापूरला राहतो. उजनी भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं असो, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी, आणि तेही येणार ते कधीही. त्या रात्री पावणेदोनला ग्रुपवर ‘सुटलं’ एवढाच शब्द पडला. पाच मिनिटांत गल्लीत दहा मोटारी घुंघुं करायला लागल्या. गाऊनवर टॉवेल टाकलेल्या बायका, लुंगीतले पुरुष, हातात पाईप. कुणी कुणाशी बोलत नाही. समोरच्या घरातले काका डोळे मिटून पाईप धरतात. हौद भरून वाहायला लागला की बरोब्बर जागे होतात. आई शहात्तर वर्षांची. तिनं उठायची काही गरज नसते, पण पाण्याच्या रात्री ती झोपत नाही. ओट्यावर पिण्याच्या पाण्याच्या कळशा घासून मांडून ठेवते आणि पायरीवर येऊन बसते. मी पाईप हौदात सोडून तिच्याशेजारी बसले आणि कविता सांगितली. सांगता सांगता माझी वकिलीही केली. त्या बाईला आई नव्हती, सासू नव्हती, दाराला कडी नव्हती. तुझ्यासारखी जागणारी बाई त्यात नाहीच. म्हटलं, खूश होईल.

आई पाण्याकडं बघत होती. म्हणाली, “कडी मीच काढली होती की.”

मला वाटलं ती कवितेबद्दलच काहीतरी बोलतेय. मग तिनं सांगितलं, ते असं तुकड्यातुकड्यानं, मधे उठून कळशी सरकवत. मी तिसरीत होते. आज्जी चैत्री वारीला पंढरपूरला गेली होती. दादा वर माळवदावर. आण्णांची गिरणीत दुसरी पाळी, बाराचा भोंगा झाला की सुटायचे, म्हणजे आई तोवर जागीच. मनगटाला दोरी बांधून माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी उठले. नेहमी मी उठले की ती मला परत आडवी करायची. त्या रात्री मी सरळ दाराशी गेले आणि कडीकडं बघत उभी राहिले. रडले नाही, दार ढकललं नाही. “देवळात उभारल्यासारखी उभारलीस गं. मान वर करून. लई वेळ. मला बी उकडायलं होतं.” आणि आईनं टाचा उंच करून कडी काढली.

मी पुढं, ती मागं, मधे हातभर दोरी. घुंगरं वाजत होती म्हणून तिनं उंबऱ्यातच माझी पैंजणं काढून पदरात बांधली. मी गल्लीतून चालत कोपऱ्यावरच्या नळाशी गेले आणि थांबले. सकाळी नळाला नंबर धरायचं काम माझं असायचं, पहाटे घागर घेऊन मला तिथं उभं करायचे आणि मागून आई यायची. तर मी रात्री अकराला तिथं नंबराला उभी राहिले. नळाला पाणी नाही, पुढं माणूस नाही, हातात घागर नाही. आई माझ्या मागं उभी राहिली. थोड्या वेळानं, रांग सरकल्यावर सरकतात तशी, मी एक पाऊल पुढं सरकले. “मग मी बी सरकले,” आई म्हणाली, आणि हे सांगताना तिला इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला. असं आम्ही चार-पाच पावलं सरकलो. मग मी वळले आणि घरी आले. आणि झोपले, म्हणजे झोपलेलीच होते.

“दुसऱ्या रात्री मी वाट बघायले,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात आम्ही चारदा गेलो. सगळं तिला लख्ख आठवत होतं. मागांच्या खिडक्यांतून पिवळा उजेड गल्लीत पडलेला, आत बनियनवरची पोरं, खटक-खटक खटक-खटक, खळीचा आंबूस वास. एक म्हातारा बाजेवर बसून विडी ओढत होता, त्यानं बघितलं आणि नजर वळवली. गल्ली दिवसा दिसते त्यापेक्षा रुंद होती. वर आभाळ होतं. “दहा वर्षं झाली होती लग्नाला. रात्री अकराला गल्ली कशी दिसती, मला माहीतच नव्हतं की.” मी विचारलं, कुणी काही बोललं नाही? तर म्हणाली, लेकरू सोबत असल्यावर बाईला कुणी विचारत नाही. बघणाऱ्याला वाटलं असेल, लघवीला नाहीतर डॉक्टरकडं घेऊन चालली असेल. एकदा तर मी वळून घराकडं निघाले तेव्हा तिनं दोरी किंचित ओढून धरली. जरा वेळ. मी थांबले. दोघी तशाच उभ्या राहिलो. मग भोंगा झाला, आणि आण्णा यायच्या आत भाकरी गरम करायची होती. आज्जी चुरमुरे-बत्तासे घेऊन परत आली, कडी परत लागली. कुणाला कळलं नाही. आण्णांना तिनं कधीच सांगितलं नाही. भोंगा गेला, गिरणी गेली, आण्णांना जाऊन ९ वर्षं झाली.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, “आई, झोपेतल्या लेकराला रस्त्यावर? आणि गाडी आली असती तर?” तिला हा प्रश्न नवा नव्हता. चाळीस वर्षांत तिनं तो स्वतःला विचारून ठेवला होता, हे तिच्या थांबण्यावरून कळलं. “मागं होते की मी,” एवढंच म्हणाली. मग जरा वेळानं, “तरी पण चुकलंच.” आणि त्यानंतर लगेच, त्याच दमात, “गार होतं पण, बाहेर.” मी हिशोब केला. तेव्हा ती छत्तिसची असणार. मी तिच्याकडं बघत राहिले आणि मला ती मुलगी दिसेना जी मी होते. दिसत होती ती मागची बाई, पदराला पैंजणं बांधून रिकाम्या नळापुढं एक एक पाऊल सरकणारी. मी काय त्या पोरीला सांगायला निघाले होते? तिच्या कवितेतल्या बाईला नदी होती, ही नळापर्यंत गेली. पण गेली. आणि वाळू आईच्याच पायाला लागली होती, माझ्या नव्हे. मी आपली नंबराला उभी होते.

हेही सगळं पुन्हा ऐकीवच, हे मला ओट्यावर कळशा भरताना जाणवलं. त्या चार रात्रींना मी साक्षीदार नाही, आण्णा नाहीत, आज्जी नाही. बाजेवरचा म्हातारा कधीच गेला असेल. दोरी कुठं गेली, विचारलं. “अक्कांनी दिलेली ती? तिनं पुढं दोन-तीन वर्षं लोणच्याच्या बरणीचं फडकं बांधलं.” मेसेज अजून तसाच पडून आहे. ‘पण’च्या पुढं काय लिहायचं ते मला ठरवता येईना, आणि ‘पण’ काढूनही टाकवेना.

साडेतीनला पाईप फुसफुसला, दोन उचक्या देऊन थांबला. मोटारी एकेक करून बंद झाल्या. समोरचे काका डोळे न उघडता आत गेले. मी ओला पाईप गुंडाळून आत आले तर आई भिंतीकडं तोंड करून झोपलेली. नाहीतर मला तसं वाटलं. दिवा मालवला तेव्हा अंधारातून, अर्ध्या झोपेत बोलावं तशी, म्हणाली, “वरची कडी लाव गं.”

आमच्या या दाराला वरची कडी नाही. लॅच आहे, ओढलं की आपोआप लागतं. मी “लावली” म्हटलं.